टोपीवरचं दार

स्वान्त्येची टोपी करायचं काम त्यार्ककडे आलं, याचं कोणालाच नवल वाटलं नाही. डॉक्टरेटची तोंडी परीक्षा झाली की बाकीच्यांनी पुठ्ठ्याची एक अजागळ टोपी नव्या डॉक्टरच्या डोक्यावर चढवायची आणि त्या माणसाची सगळी वर्षं तिच्यावर चिकटवायची, ही रीत जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या त्यांच्या संस्थेत कोणी मोडत नसे. टोपी आधी दिसता कामा नये, एवढाच काय तो नियम. स्वान्त्येच्या बारीकसारीक गोष्टी त्यार्कइतक्या कोणाला माहीत नाहीत, हे तिच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. कदाचित तिलाही ठाऊक असेल. पण ती काही बोलली नव्हती आणि त्यार्क तर नव्हताच बोलला.

ती ल्यूनेबुर्गच्या माळरानावरची, म्हणून त्याने टोपीवर लोकरीची एक मेंढी बसवली. तिच्या टेबलावर कायम थंड होत पडणारा कॉफीचा मग केला. मधोमध बटणाची किल्ली आणि पंजाएवढी गाडी, खरोखर उघडणाऱ्या दाराची. कारण स्वान्त्येचं सगळं संशोधन त्या दाराभोवतीच होतं. किल्लीचं बटण दाबलं की किल्ली आणि गाडी बिनतारी संदेशांनी एकमेकींशी बोलतात. शेजारी उभा असलेला चोर ते ऐकू शकतो, साठवू शकतो, पुन्हा ऐकवू शकतो. तरीही त्याला दार उघडता येणार नाही, असं तिने सिद्ध केलं होतं. चार चाचण्या घेऊन नव्हे, तर जे जे घडू शकतं ते सगळं एका प्रोग्रामकडून तपासून घेऊन.

त्यार्कच्या मनात आलं, तिच्या मॉडेलमध्ये, म्हणजे त्या प्रोग्रामसाठी लिहिलेल्या नियमांत, संदेश ज्या क्रमाने जातात त्याच क्रमाने टोपीवरचे दिवे लुकलुकावेत आणि मग दार उघडावं. तिला कळेल, बाकीच्यांना नाही कळलं तरी चालेल. मंगळवारी दुपारी ती जेवायला गेली असताना त्याने सगळ्यांसाठी खुल्या फोल्डरमधून तिचं मॉडेल घेतलं आणि प्रोग्रामला विचारलं: मालक आपली गाडी उघडतो, असा एक प्रसंग दाखव.

असा प्रसंग नाही, असं उत्तर आलं.

आपलंच काही चुकलं असेल म्हणून त्याने प्रश्न नीट तपासला, पुन्हा विचारला. उत्तर तेच. मग तो एकेक नियम वाचत गेला आणि हिवाळ्यात घातलेल्या एका नियमापाशी थांबला. बॅटरी वाचावी म्हणून गाडी झोपलेली असते. किल्लीने हाक मारली की जागी होते. आणि किल्ली? ती हाक मारणार गाडी जागी झाल्यावर. दोघी एकमेकींची वाट बघत बसलेल्या. चोराला दार उघडता येत नव्हतं हे खरं, पण मालकालाही येत नव्हतं. त्या जगात कोणालाच कुठलंच दार उघडता येत नव्हतं.

हा नियम घातल्यावर दुपारभर चालणारी सिद्धता क्षणात संपू लागली होती; तपासायला काही घडतच नव्हतं. तेव्हा त्या आनंदात सगळ्यांनी केक खाल्ला होता. केक त्यार्कनेच भाजला होता.

परीक्षा शुक्रवारी होती. प्रबंध वाचून परीक्षकांनी शेरे दिले होते, तिचे आईवडील रेल्वेची तिकिटं काढून बसले होते. त्यार्क गप्प राहिला असता तर बहुधा कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण पुढे कधीतरी तिलाच ते सापडलं असतं, आणि त्या वेळी ती एकटी असती. त्याने कपाटातून टोपी काढली आणि तिच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"वेडा आहेस का?" स्वान्त्येने डोळ्यांवर हात घेतले. "शुक्रवारच्या आधी दाखवतात का कधी?"

"बघ. बघावंच लागेल."

"मेंढी आहे?" ती बोटांच्या फटीतून बघत म्हणाली. "अरे, ही तर डुक्कर दिसतेय."

"स्वान्त्ये, दार उघडत नाहीये."

"मग गोंद कमी लाव."

"टोपीवरचं नाही गं. तुझं."

तिने हात खाली घेतले. त्याने सांगितलं ते ऐकून घेतलं, स्वतः प्रश्न विचारला, उत्तर पाहिलं आणि खुर्ची मागे सारली.

"हिवाळ्यापासून मी दारच नसलेल्या घराला कुलूप घालत होते," ती म्हणाली. मग एकदम उसळली, "आणि तू आत्ता सांगतोयस! केक कशाला केलास तेव्हा?"

"मलाही आनंद झाला होता."

तिने खुर्ची पुन्हा टेबलापाशी ओढली.

तिने नियम सुधारला. आता सिद्धता पुन्हा मुकाट्याने चालू लागली, पूर्वीसारखी सावकाश. त्यार्क ओस्टफ्रीसलंडचा, तिथल्या रीतीप्रमाणे त्याने कपात खडीसाखर टाकली, वरून चहा ओतला, सायीचा ढग सोडला. ती ढवळायला गेली तसा त्याने चमचा काढून घेतला.

"ढवळायचं नाही. आमच्याकडे पाप आहे ते."

"आज माझी आधीच खूप पापं झालीत."

अंधारून येता येता निकाल लागला. चोराला दार उघडता येत नव्हतं, आणि मालकाला येत होतं. पण बॅटरी वाचण्याबद्दलचा तिचा एक दावा पडला: चोर सारख्या हाका मारून गाडीला जागं ठेवू शकत होता, बॅटरी संपेपर्यंत.

सकाळी ती हे सगळं घेऊन मार्गदर्शक राउटेनबेर्ग बाईंकडे गेली. बाईंनी चष्मा काढून पुसला. "परीक्षकांना मी आत्ताच कळवते. शुक्रवारी पहिल्यांदा हेच मांडायचं. चूक आधी, मग बाकीचं. आणि हे बघ, परीक्षेत ही चूक मला सापडली असती तर मी सोडलं नसतं तुला."

"माहितीये, बाई."

"मग रडतेस कशाला? जा, झोप काढ."

शुक्रवारी तिने तसंच केलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी भुवई उंचावली. "चूक लक्षात कशी आली?"

"एका सहकाऱ्याने दार उघडून बघितलं," ती म्हणाली. टोपीचं नाव तिने काढलं नाही. नियम म्हणजे नियम. मग त्या पडलेल्या दाव्यावर त्यांनी तिला इतकं घोळवलं, की मागे बसलेल्या तिच्या वडिलांनी घाबरून रुमाल काढला. निकालासाठी सगळ्यांना बाहेर काढलं, आत बोलावलं, आणि बाईंनी स्वतः टोपी तिच्या डोक्यावर ठेवली.

स्वान्त्येने लगेच ती काढून हातात घेतली आणि बटण दाबलं. किल्लीचा दिवा लुकलुकला, मग गाडीचा, मग पुन्हा किल्लीचा. क्रम बिनचूक होता. दार मात्र हललं नाही. गोंद.

त्यार्क कानापर्यंत लाल झाला. तिने नखाने दार हलकेच उचकटलं. आत खडीसाखरेचा एक खडा होता.

तिने तो काढून जिभेवर ठेवला आणि चघळत म्हणाली, "रविवारी चहाला ये माझ्याकडे. आईबाबा जातील तोवर."

त्यार्क नुसताच बघत राहिला.

"असा काय बघतोस? कोणीतरी आधी हाक मारायलाच हवी ना!"