शिमेची मेंढरं

नवरा, शिमे, वारल्याला पाच महिने झाले आणि पेरिनाला अजून काही होत नव्हतं. रडू नाही, राग नाही. मुर्तेर गावच्या बायका मासळीच्या दुकानात तिच्याकडे अशा बघायच्या, जणू दूध उतू जायची वाट बघतायत. दूध तापतच नव्हतं.

आज धाकटा दीर येरको तिला होडीतून कोर्नातीच्या बेटांत घेऊन निघाला होता. त्यातल्या एका उघड्याबोडक्या बेटावर शिमेची एकवीस मेंढरं वर्षभर मोकळी चरायची.

"ठरलंय ते ठरलंय, वहिनी. तुझ्या हाकेला आली तर ठेव. नाही आली तर शनिवारी खाटीक."

खाडीच्या तोंडाशी उद्यानाचा नवा रखवालदार आडवा आला. "बाई, राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट?"

"तिकीट?" येरको भडकला. "तुझं उद्यान काल आलं रे! आमच्या पणज्यानं हे बांध रचले तेव्हा कोण होतं तिकीट फाडायला?"

रखवालदार ओशाळून बाजूला झाला. एरवी पेरिना तोंडावर हात धरून हसली असती. आता ती नुसती बघत राहिली.

काठावर उतरून तिनं हाक घातली. इथं प्रत्येक घराची हाक निराळी. शिमेची लांबलचक, शेवटी चिरकणारी. एकतीस वर्षं तिनं ती ऐकली होती, घातली एकदाही नव्हती. शेजारणीकडे मीठ मागावं, तसं काहीतरी गळ्यातून निघालं. टेकाडावर एकही कान हलला नाही. पुन्हा घातली. पुन्हा.

"पुरे," म्हणत येरकोनं सवयीनं स्वतःच आरोळी ठोकली. भावाचाच आवाज. एकवीसच्या एकवीस धडधडत खाली आली. पेरिनाच्या अंगावर काटा यायला हवा होता. आला नाही.

मेंढरं येरकोला ओलांडून दगडी कुंडाशी गेली आणि कोरडा दगड चाटू लागली.

"पाणी कधी भरलं होतंस?"

"म्हटलं, जायचीच आहेत तर..." येरको पुटपुटला.

पेरिनानं होडीतला प्यायच्या पाण्याचा कॅन आणून कुंडात उपडा केला. मेंढरं तिच्या गुडघ्यांवर रेटारेटी करत प्यायली. एकीनं तिचा हात चाटला. जीभ खरखरीत होती, एवढं तिला कळलं.

"हे धरायचं नाही हां, वहिनी. हाकेला नाही आली."

"नाही आली. तू जिंकलास. पण तुमच्या घरानं तहानलेलं जनावर कधी खाटकाला दिलंय का रे?"

येरकोनं रिकामा कॅन उचलून होडीत टाकला.

"शनिवारी पाणी आण," ती म्हणाली. "हाक तू घाल, मी ओतते. सहा कॅन पुरतील."

"सहानं काय होतंय?" तो खेकसला. "दहा लागतील."