स्वल्प थंडी

मार्गशीर्षातलं ऊन जे. पी. नगरातल्या आमच्या गच्चीवरून कलू लागलं, की आधी अक्काच्या बांगड्या किणकिणत आणि मागोमाग कुंडी फरशीवरून ओढल्याचा खरखरीत आवाज येई. अक्का माझी थोरली बहीण. कुंडीत भावोजींचं सिंबिडियम, डोंगराळ गारव्यातल्या ऑर्किडांच्या संकरातून जन्मलेलं आणि एके काळी दर फाल्गुनात हळदी रंगाच्या फुलांनी वाकून जाणारं.

भावोजी होते तोवर ते हिवाळाभर उघड्यावर ठेवत. "लेकराला कुणी असं गारठ्यात ठेवतं का?" असं म्हणत अक्का चिडे, ते नुसते हसत आणि कुंडी जागची हलत नसे. त्या एका झाडावरून दोघांचा जन्मभर तंटा चालला. भावोजी गेले आणि तोही संपला, असं आम्हांला वाटलं.

पुढचे तीन हिवाळे अक्काने आपल्या मनासारखे केले. संध्याकाळ होताच कुंडी देवघराशेजारच्या उबेत येई, वर भावोजींचा तपकिरी मफलर गुंडाळलेला. पाती अशी तुकतुकीत, की दृष्ट लागावी. फूल मात्र एकही नाही. पाती पुसता पुसता तिचा हात मध्येच थांबे. त्या झाडाकडून तिला भावोजींची काहीतरी खूण हवी होती, आणि झाड मुकं झालं होतं. मला तिच्याकडे पाहवत नसे.

यंदा दसऱ्यानंतर तिने रोपवाटिकेतल्या म्हाताऱ्या माळ्याला घरी बोलावलं. मफलर पाहून तो हसला आणि कानडीत म्हणाला,

"अक्का, इदक्के स्वल्प चळी बेकु." याला थोडी थंडी हवीच, रात्री गारठल्याशिवाय हे फुलाचा दांडा धरत नाही, असं त्याने समजावलं.

"सरी," बरं, एवढंच अक्का त्याच्याच कानडीत म्हणाली. त्या दिवशी ती जेवली नाही.

कुंडी बाहेर राहिली. काळजी थोडीच सुटते! रोज तिन्हीसांजेला तोच मफलर स्वतःच्या कानांना गुंडाळून ती झाडाशेजारी बसू लागली. पौष सरता सरता कंदाच्या बुडाशी बोटाएवढा कोंब दिसला, आणि फाल्गुनातल्या एका सकाळी पहिली कळी उमलली.

अक्काने फुलाला हात लावला नाही. पदर सावरून, जणू समोर कुणी उभं आहे अशा हलक्या आवाजात ती म्हणाली, "अहो, तुमचंच खरं."

गेलेल्या माणसाशी भांडण हरायलासुद्धा किती हिवाळे जावे लागतात!