पाण्याचा मोडा

"सरका! बाबांना वाट द्या! ओ साहेब, चप्पल काढा आधी!"

माघातल्या रविवारची सकाळ होती. माले गावाच्या पुढे, धरणाच्या काठावर तीस-चाळीस गाड्या उभ्या होत्या. जांबे, महाळुंगे, हिंजवडीकडची कंपनीतली पोरं परदेशी बनावटीचे गळ, घडीच्या खुर्च्या, बर्फाच्या पेट्या असा सगळा सरंजाम घेऊन आली होती. आणि एवढं सगळं घेऊन ती वाट कशाची पाहत होती, तर एका काठीची.

काठी बहिरूबाबाची. भगवी लुंगी, गळ्यात शिंपल्यांची माळ, कपाळभर भंडारा. तीन वर्षांपूर्वी हाच बहिरू जांब्यात भाड्याच्या खोल्यांची दलाली करायचा. तेव्हा तो खोल्या दाखवायचा, आता मासे दाखवत होता. जिभेला हाड तेव्हाही नव्हतं.

बहिरूनं पाण्याच्या कडेला उभं राहून डोळे मिटले आणि तोंडाची गाडी सुरू केली. "चांद वाढतो, मासा चढतो! चांद घटतो, मासा हटतो! साती आसरांचं पाणी, मासा त्यांचा मानकरी! बोला, कुणाला दावू जागा?"

"मला, बाबा!" म्हणत निषाद पुढे झाला. हा मूळचा अमरावतीचा, संगणकाच्या नोकरीसाठी इकडे आलेला. दर रविवारी माझ्या शेजारी गळ टाकून बसायचा, त्यामुळे ओळख झालेली.

काठी उचलली गेली. "त्या वाळक्या बाभळीच्या रेषेत, वीस पावलं आत. टाक, लेकरा."

निषादनं गळ टाकला. दहा मिनिटांत दोरी ताणली गेली, गळाची काठी वाकली आणि सहा-सात किलोचा कटला काठावर येऊन आपटला. लोकांनी आरोळी ठोकली. गावच्या बायांनी आसरांची, म्हणजे पाण्यातल्या देवींची, ओटी भरली. पाठोपाठ त्याच जागी आणखी चौघांना मासे लागले, आणि तेवढ्यात बाबाच्या मंतरलेल्या पिठाच्या गोळ्यांची टोपली विकून रिकामी झाली.

मी जरा लांब एका खडकावर बसलो होतो. पौडच्या शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर गळ हाती धरला. अकरा वर्षं एक वही ठेवली आहे: तारीख, तिथी, वारा, ढग, पाण्याची पातळी आणि मिळालेले मासे.

निषाद धावत आला. "सर, बघितलं? माझ्या ॲपमध्येही आज चार स्टार होते. मून फेज परफेक्ट!"

"अरे, समुद्राला भरती-ओहोटी असते, तिथल्या कोळ्यानं चंद्र बघावाच. या धरणाला कुठली भरती? माझ्या वहीत पौर्णिमा, अमावास्या आणि मधले दिवस सारखेच निघतात. फरक पडतो तो ढगाळ हवेनं, वाऱ्यानं, ऋतूनं. उन्हाळ्यात पहाटे मासा काठाला येतो, थंडीत ऊन चढल्यावर. आणि सगळ्यांत जास्त फरक पडतो खाण्यानं. जिथं खायला आहे, तिथं मासा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तिथं कुणीतरी आधी चारा टाकलाय."

निषाद हसला. "सर, तुम्ही पण ना!" मीही हसलो आणि गोष्ट तिथंच सोडून दिली. बाबाच्या सगळ्या शुभ तिथी शनिवार-रविवारीच कशा पडतात, हा विनोदही मी चहाच्या टपरीवर दोन-चारदा करून झाला होता.

बहिरूची खरी हुशारी मोड्यात होती. आमच्याकडे शेतीला मोडा पाळायची जुनी चाल आहे. गावानं ठरवलेल्या दिवशी कुणी औत जुंपत नाही. बैलाला विसावा, माणसालाही. त्यात वाईट काहीच नाही. बहिरूनं तोच मोडा उचलून पाण्याला लावला. त्याच्या तिथीच्या आधीचे तीन दिवस कुणीही धरणात उतरायचं नाही, कडेला फिरकायचंसुद्धा नाही. आसरा न्हात असतात. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी मोडा पाळला, त्या लोकांना यात नवं काही वाटलं नाही. त्यांनी विचारलंच नाही, की औताचा मोडा बैलासाठी, मग पाण्याचा कुणासाठी?

एप्रिलच्या मध्यावर अशाच एका मोड्यात भैरू बुडाला.

भैरू माझा विद्यार्थी. आठवीत शाळा सोडली, पण आभाळ वाचावं तर त्यानंच. पश्चिमेच्या डोंगरावर ढग कसा बसला आहे एवढं पाहून तो वळीव किती वाजता येणार ते सांगायचा. ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधून जाळी टाकायचा आणि त्याची बायको सारजाबाई पौडच्या बाजारात मासे विकायची. त्या दिवशी दुपारी तीनपासून ढग दिसत होता. तरी तो पाण्यावर गेला. पाच वाजता वळवाचं वादळ आलं आणि रिकामी ट्यूब काठाला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव काठावर जमलं, पण मोडा असल्यानं कुणी पाण्यात उतरेना. शेवटी बहिरूच आसरांची परवानगी मागून एकटा उतरला. दोन-तीन बुड्या मारल्या आणि भैरूला वर आणलं. भैरूच्या उजव्या घोट्याभोवती काळानिळा वळ होता.

"बघा!" बहिरू ओरडला. "आसरांच्या हाताचा वळ! मोडा मोडला, त्याचं फळ!"

तेराव्याला त्यानं निवाडा दिला. घरावर आसरांची नजर आहे. सारजाबाईनं सव्वा वर्ष धरणाच्या पाण्याला आणि त्यातल्या माशाला हात लावायचा नाही. नवऱ्याला मोड्यात पाण्यावर पाठवणारी बाई ती, असं ज्याच्या-त्याच्या तोंडी झालं. ती तरीही विकत घेतलेल्या माशांची पाटी घेऊन पौडला जाऊन बसली. बायका समोरून निघून जात. संध्याकाळी ती पाटी तशीच घरी आणायची. मी दोनदा तिच्याकडून मासे घेतले आणि आपण फार केलं असं मला वाटलं.

मेच्या अखेरीस धरणाचं पाणी खूप खाली गेलं. एका सकाळी भैरूची मुलगी दिशा माझ्या दारात आली. ती पिरंगुटला एका दवाखान्यात काम करते.

"सर, चला माझ्याबरोबर. बाभळीपाशी काहीतरी निघालंय."

सारजाबाई तिथं आधीच उभी होती. पाणी हटून उघड्या पडलेल्या चिखलात, वाळक्या बाभळीच्या रेषेत, पोती पडली होती. दहा-बारा तरी असतील. प्रत्येकात दगड, अंगाला भोकं. एक पोतं मात्र अजून भरलेलं. मी खिशातलं दाभण काढून ते एका कडेनं उसवलं. आत कुजलेली शेंगदाण्याची पेंड, भाताचा कोंडा आणि गुळाचे काळे खडे. अशी पोती तीन दिवस आधी तळाला सोडली की वास पसरतो, भोकांतून दाणा झिरपत राहतो आणि आसपासचा मासा त्या जागेला चिकटतो. मग चौथ्या दिवशी काठी कुणीही दाखवावी.

सारजाबाई चिखलात बसली. पोत्याच्या तोंडावरून तिनं बोट फिरवलं. हिरव्या लुगड्याच्या काठाच्या चिंधीनं ते तोंड शिवलं होतं.

"ही शिवण माझी हाय," ती म्हणाली. "ह्यांनी आणून दिली व्हती पोती. बहिरूच्या म्हशीची पेंड हाय म्हनले. म्या शिवून दिली."

भरलेल्या पोत्याला नायलॉनची दोरी होती. दिशानं तिचं टोक धरून माझ्यासमोर केलं. दोरी पोत्याला बांधलेली, वर हातभर शिल्लक. टोक तुटून पिंजलेलं नव्हतं. सुरीनं कापल्यासारखं सरळ होतं.

कुणी काही सांगायची गरजच नव्हती. वादळात ट्यूब उलटली, दोरीचा फास घोट्यात अडकला आणि दगडाच्या पोत्यानं भैरूला तळाशी धरून ठेवलं. बहिरूनं बुडी मारली तेव्हा त्याला पोतं दिसलं, दोरी दिसली. त्यानं दोरी कापली, फास सोडवला आणि वर येऊन आसरांचं नाव घेतलं.

दिशा रडत म्हणाली, "आई, आत्ताच जाऊन सांगू सगळ्यांना."

"काय सांगशील? तुझा बाप लोकास्नी फसवत व्हता म्हनून?" सारजाबाईनं पदर तोंडावर घेतला. "मला नावं ठेवत्यात तर ठेवू दे. मेलेल्या मानसाचं नाव कशाला निघाया पायजे?"

मी एवढंच म्हणालो, "भैरूचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. पण हे थांबलं पाहिजे. आता त्याच्या जागी दुसरा कुणीतरी पोती घेऊन जात असणार, आणि वळवाचे दिवस अजून संपलेले नाहीत."

पुढच्या शुभ तिथीचा मोडा लागला तेव्हा मी आणि दिशा लाइफ जॅकेट घालून, आभाळ बघून, भरदिवसा पाण्यावर गेलो. बाभळीपासून दूर, माझ्या खडकाखाली पेंड-कोंड्याची चार पोती सोडली. आसरांनी आम्हाला काही केलं नाही. रविवारी बहिरूनं काठी उचलायच्या आत मी निषादला हाक मारली. "आज माझ्या खडकापाशी टाक. मंत्र नाही, गोळा नाही, साधी कणीक लाव."

पाव तासात त्याला रोहू लागला. मग दुसऱ्याला, तिसऱ्याला. गर्दी वळून माझ्याकडे आली. मी दोरी ओढून पोतं बाहेर काढलं आणि त्यांच्यासमोर उसवलं. चिखलात सापडलेली बाभळीजवळची पोतीही त्यांच्यापुढे मांडली.

बहिरू डगमगला नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "मास्तरानंच टाकल्यात ती! सवताच्या तोंडानं कबूल करतुया! आन् भैरूच्या पायाला वळ कुटनं आला मग? मोडा मोडनाऱ्याचं काय झालं, समद्या गावानं बगितलं न्हवं?"

लोक चुळबुळले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, की लोक कावळ्यालाच लाकूडतोड्या मानतात. मी बोलायला तोंड उघडलं आणि थांबलो, कारण मी शब्द दिला होता.

तेवढ्यात सारजाबाई गर्दीतून पुढं आली. तिनं ते जुनं पोतं उचललं.

"मास्तरांनी न्हाई टाकलं. ही शिवण माझी हाय. माझ्या लुगड्याचा काठ हाय ह्यो, हितं बाया हायेत, त्यांनी वळखावा. ही पोती माजा मालक टाकत व्हता. बहिरूच्या सांगन्यावरनं." तिनं पोतं बहिरूच्या पायाशी टाकलं. "त्येंनी चूक केली. म्या न्हाई म्हनत न्हाई. पर त्यो मोडा मोडून मेला न्हाई. मोडा तुजाच व्हता, बहिरू, कुनी बगू नये म्हनून. त्या तीन दिसांत आभाळ आलं काय, वादळ आलं काय, त्याला जावंच लागायचं. दोरीनं मेला त्यो. आन् मला येकच सांग. त्याला वर काढताना दोरी कापलीस, तवा तुला ठावं व्हतं ना, त्यो कशानं मेला?"

बहिरूनं काठी वर केली, "चांद..." एवढंच म्हणाला आणि पुढचं त्याला आठवेना. कोणी हसलं नाही. निषादनं हातातला मंतरलेला गोळा गुपचूप जमिनीवर ठेवला. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजी भैरू बी त्यातलाच!" सारजाबाईनं ते ऐकलं. तिनं मान वळवली नाही.

दुपारी आम्ही पौडला जाऊन जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. दोरी आणि पोतं पोलिसांच्या ताब्यात दिलं. बहिरूचं काय व्हायचं ते होईल. काठावरच्या गाड्या त्या दिवशी लवकर निघून गेल्या.

परतताना सारजाबाई माझ्याबरोबर चालत होती. साध्या आवाजात, राग नाही, काही नाही, तिनं विचारलं, "मास्तर, निषाद सांगत व्हता, माघातच तुमी त्याला म्हनला व्हता, तितं चारा टाकलाय म्हनून. व्हय?"

"हो."

"मग तवाच का न्हाई बोलला समद्यांम्होरं?"

मला लाज वाटली, आणि आजही वाटते. मला वाटलं होतं, मासेमारीची गंमत आहे, कुणाचं काय बिघडतंय. भैरूचं बिघडलं. चारा टाकतं कोण, एवढं जरी मी माघात शोधलं असतं, तरी माझाच विद्यार्थी माझ्या हाताला लागला असता आणि मी त्याला दोन थपडा मारून घरी पाठवलं असतं.

म्हणून वाचकहो, हात जोडून सांगतो. गळ टाकायला जरूर जा. जाताना चंद्रापेक्षा आभाळ बघा, ऋतू बघा, पाणी कुठवर आहे ते बघा. डोंगरावर ढग बसला असेल, तर कुणाचीही तिथी असो, परत फिरा. कुणी सांगितलं की अमुक दिवशी तिकडे बघू नका, तर आधी तिकडेच बघा. आणि लबाडी ओळखता आली, तर ती चहाच्या टपरीवर सांगून मोकळे होऊ नका. चार लोकांत, मोठ्यानं, त्याच दिवशी सांगा.