पिंडापुढचा शब्द

चाँदभाई मनेर बायकांना तोंडावरून ओळखत नसे, मनगटावरून ओळखत असे. मान खाली घालून बांगड्या भरायची त्याची रीत. त्यामुळे बारामतीपासून इंदापुरापर्यंतच्या गावांतल्या बायकांचे चेहरे त्यानं धड पाहिलेले नव्हते. पण कुणाचं हाड रुंद, कुणाचा अंगठा ताठ, कुणाला कितवं माप लागतं, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. म्हणून तर शेळगावची शकुबाई दहा वर्षं त्याच्या पाठीस लागली होती, "चाँदभाई, वाकड्या मनगटाची बाई कुठं दिसली तर मला येऊन सांगा."

शकुबाई स्वतः विधवा. तिला कुठं बांगड्या भरायच्या होत्या? तरी चाँदभाईची हाळी ऐकली की हातातलं खुरपं टाकून ती वांग्यांच्या वाफ्यातून पळत वेशीवर यायची, आणि गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. हसणाऱ्यांचं काय जातं!

ते वाकडं मनगट होतं तिच्या थोरल्या जावेचं, छबूबाईचं. लहानपणी हात मोडला होता आणि तो तसाच वेडावाकडा सांधला होता. छबूबाईला मूलबाळ नव्हतं. शकुबाईला एक मुलगा होता, म्हस्कू. सन अठ्ठावीसच्या साली शकुबाईचा नवरा झुंबर उसाला पाणी द्यायला गेला आणि त्याला पान लागलं. सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून आमच्याकडं असं म्हणतात; नाव घेतलं नाही म्हणून माणूस वाचतो असं नाही. झुंबर दिवस मावळायच्या आत गेला. शकुबाई तेव्हा वीस-एकवीस वर्षांची, पोर पाच वर्षांचं.

महिनाभरानं थोरले दीर, रामहरी, म्हणाले, "पोरगं कावरंबावरं झालंय. बारामतीची आगीनगाडी दावून आनतो त्याला." शकुबाईला बरं वाटलं. तिनं म्हस्कूला धुतलेली बंडी घातली, भाकरीला लोणी लावून फडक्यात बांधून दिलं. छबूबाईही बरोबर गेली. सांजेला कुणी परतलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं दिरांच्या खोलीचं दार ढकललं, तर आत भांडं न् भांडं गेलेलं. चुलीत राख तेवढी होती.

रामहरीला विचारलं असतं तर त्याच्यापाशी कारण चांगलंच होतं. चोराजवळ ते असतंच. भावजय तरणी आहे, उद्या कुणाशी म्होतूर लावील, म्हणजे दुसरं लग्न करील, आपल्या वंशाचं पोर परक्याच्या दारात वाढेल, असं त्याच्या मनानं घेतलं. आता ज्यानं राखायचं त्यानंच नेलं, कुंपणानंच शेत खाल्लं, तर फिर्याद कुणाकडं करायची? पाटील म्हणाला, "चुलत्यानं पुतन्या नेला त्याला चोरी म्हनत न्हाईत, बाई. घरातलं भांडं ह्या खोलीतनं त्या खोलीत गेलं, असं समज." पुढं कुणीतरी सांगितलं, रामहरी नदी ओलांडून मोगलाईत गेला. मोगलाई म्हणजे निजामाचं राज्य. तिथं आपल्याकडचा फौजदार जाईना, आणि शकुबाईला तिथल्या एका गावाचंही नाव ठाऊक नव्हतं.

तिचे आईबाप म्हणाले, म्होतूर लाव, वय आहे. ती म्हणाली, "माझं पोर आलं आन् दाराला कुलूप दिसलं तर?" बाजाराच्या दिवशी ती बारामतीला माळवं विकायची आणि पाटी रिकामी झाली की स्टेशनात जाऊन उभी राहायची. दौंडाकडून गाडी यायची, माणसं उतरायची, गाडी रिकामी व्हायची. पोर गाडी बघायला गेलंय, तेव्हा गाडीपाशीच सापडेल, असा तिचा सरळ हिशेब. लोक तिला खुळी म्हणत. खुळीच होती, पण दहा वर्षं एका जागी उभं राहायला शहाण्या माणसाला जमत नाही.

आणि मग अडतीस सालच्या माघात चाँदभाई एकदा आला तो वेशीवर थांबलाच नाही. सरळ तिच्या वाफ्यापाशी आला. "शकुबाई, मनगट सापडलं. मोगलाईत न्हाय, इंदापुराच्या पल्याड बावड्यात. आता पंधरा दिस झालं, म्या माझ्या हातानं त्यात चुडा भरला. तोंड वर क्येलं न्हाय, वळख दिली न्हाय. दारात एक पोरगं वैरन तोडत हुतं. पंधरा-सोळा वर्साचं."

शकुबाईनं हातातलं खुरपं वाफ्यातच रोवलं. मग उठली, हात धुतले आणि चार भाकरी थापायला घेतल्या. "उद्या निघायचं," एवढंच म्हणाली.

बावडा काही जवळ नव्हे. पहिल्या मुक्कामाला इंदापुरात चाँदभाईची बहीण करिमा होती. तिच्या ओसरीवर शकुबाईनं आपली भाकरी खाल्ली. करिमानं विचारलं, "पोर वळखंल का तुमाला?" शकुबाई म्हणाली, "म्या वळखीन की." उत्तर चुकीचं होतं हे तिलाही कळलं, पण दुसरं तिच्यापाशी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढता चढता दोघं बावड्यात पोचली. चाँदभाईनं लांबून घर दाखवलं. दाराला कडी. शेजारची म्हातारी शेणानं अंगण सारवत होती. ती म्हणाली, "समदी नदीवर ग्येल्यात. रामहरीचा दहावा हाय न्हवं आज!"

ज्याची गचांडी धरायला दहा वर्षं हात शिवशिवत होते, तो मरूनही गेला होता. शकुबाईला वाईट वाटलं नाही. तिला राग आला. इतका सहज सुटला मेला!

चाँदभाई म्हणाला, "मयताच्या कामात माझं काय काम? म्या हितं वडाखाली बसतो." ती एकटी नदीकडं गेली.

घाटावर तीस-चाळीस माणसं होती आणि कुणी बोलत नव्हतं. सगळ्यांच्या माना एका बाजूला. तिकडं वाळूवर पिंड मांडला होता आणि पलीकडच्या बाभळीवर पाच-सहा कावळे बसले होते. कावळा पिंडाला शिवला की मेलेल्याचा जीव सुटला. नाही शिवला तर काहीतरी वासना मागं राहिली. मग जमलेल्यांनी एकेक वचन द्यायचं, त्याची अडलेली इच्छा कोणती ते हुडकायचं. सकाळपासून ते चाललं होतं. "रामहरी, तुझ्या बायकूला आमी अंतर देनार न्हाय." कावळा हलला नाही. "पोराचं लगीन येत्या वैशाखात करू." कावळ्यानं तोंड फिरवलं. एक म्हातारा रामहरीच्या चांगुलपणाचं वर्णन करत होता, कसा देवमाणूस, कसा कुणाच्या काडीला शिवला नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध!

पिंडापाशी एक पोरगा उभा होता. डोकं नुकतंच भादरलेलं, अंगावर ओलं धोतर. झुंबरसारखाच एका पायावर भार देऊन उभा. झुंबरचेच कान.

"म्हस्कू," शकुबाईनं हाक मारली.

पोरानं वळून पाहिलं नाही. बाकी सगळ्यांनी पाहिलं. बायकांच्या घोळक्यातून छबूबाई उठली. तिचे हात उघडे होते. पंधरा दिवसांपूर्वीचा चुडा फुटून गेला होता आणि ते वाकडं मनगट तेवढं दिसत होतं. ती आली आणि तिनं एकदम शकुबाईचे पाय धरले.

"शकू, तुझ्यापायीच त्यांचा जीव अडकलाय गं! मरताना तुझं नाव घेतलं. पोराची आई आली तर काय तोंड दावू, म्हनलं."

झालं. एवढ्या माणसांसमोर दहा वर्षांचं झाकलेलं उघडं पडलं. आणि मग सगळ्यांना एकदमच सुचलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. "बाई, तुमीच सोडवा त्याला." "म्हना की, पोरगं तुला दिलं." "मेल्या मानसाशी वैर कशाला?" कावळा पिंडाला का शिवत नाही याचं कारण सापडल्यामुळं जो तो खूश होता. ती कुठून आली, कशी आली, काही खाल्लं का, हे एकानंही विचारलं नाही.

शकुबाई पाय सोडवून घेत म्हणाली, "न्हाय म्हननार. अडकू द्या. म्या दहा वर्सं अडकलेच की. त्यो बसू दे त्या बाभळीवर."

मग तो पोरगा तिच्याजवळ आला. दोन हातांवर थांबला. त्यानं तिचं कपाळ पाहिलं, हात पाहिले. कुंकू नाही, चुडा नाही.

"तुमी म्होतूर लावून ग्येला हुता ना?" त्यानं विचारलं. "आई म्हनायची, मला टाकून ग्येला."

आई म्हणजे छबूबाई. शकुबाई म्हणाली, "न्हाय रं बाळा. म्या कुठंच ग्येले न्हाय. शेळगावातच हाय."

त्यानं मान हलवली. विश्वास बसला की नाही ते कळलं नाही. त्याचे ओठ सुकून पांढरे पडले होते. ऊन डोक्यावर आलं होतं, आणि कावळा शिवल्याबिगर पिंड देणाऱ्याला पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. तो सारखी जीभ ओठांवरून फिरवत होता. तिला ते दिसत होतं. दुसऱ्या कुणाला दिसत होतं की नाही देव जाणे.

"मग म्हना की," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आबांचा जीव सुटंल. बाई, एकदा म्हना."

दहा वर्षांनी पोरानं मागितलं ते हे. त्यानं अंगावरची कातडी मागितली असती तरी तिनं दिली असती, आणि ते सोपं गेलं असतं. ती पिंडाकडं बघेना. त्याच्या सुकलेल्या ओठांकडं बघत राहिली. पोराला भूक लागलीय, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आधी त्याच्या पोटात काही जाऊ दे, मग बघू.

ती पिंडापुढं गेली आणि हात जोडून म्हणाली, "भावजी, पोर तुमचं. म्या त्याला नेनार न्हाय. जावा आता."

सगळ्यांच्या माना बाभळीकडं वळल्या. एक कावळा बाभळीवरून खाली उतरला, वाळूत दोन उड्या मारल्या, चोच पुसली आणि उडून नदीपलीकडं गेला. त्याच्यामागं बाकीचेही गेले. बाभळ रिकामी झाली.

भटजींनी उन्हाकडं पाहिलं. मग त्यांनी पिशवीतून दर्भाच्या चार काड्या काढल्या, गाठ मारून त्यांचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि म्हणाले, "शिवला. चला, आंघोळी उरका." पानाला चुना लावायला लागतो तेवढा वेळ त्याला लागला.

शकुबाईनं असं कधी पाहिलं नव्हतं. झुंबरच्या पिंडाला कावळा ठेवल्याबरोबर शिवला होता. तिनं विचारलं, "म्हाराज, ह्ये आधी करता येत न्हवतं?"

"येतं की. पण आधी खऱ्याची वाट बघायची असते, बाई."

माणसं पाण्यात उतरली. कुणी हसू लागलं, कुणी वाढायचं कुठपर्यंत आलं ते विचारू लागलं. शकुबाई थेट पोराकडं गेली आणि तिनं त्याचं मनगट धरलं.

"चल म्हस्कू. म्या त्ये कावळ्यासाठी म्हनलं हुतं. कावळा आला न्हाय. माझा शबूद माघारी घेतला म्या. चल घरी."

"आता कसं?" तो म्हणाला. "पिंडापुढं म्हनलात. समद्यांनी ऐकलं. म्या आलो तर आबांचा जीव पुन्यांदा अडकंल."

"तूच म्हनलास ना रं, म्हना म्हून!"

"व्हय. म्या म्हनलो." त्यानं आपला हात हळूच सोडवून घेतला. तो आता रडत होता, आणि पंधरा वर्षांचं पोर रडताना तोंड वेडंवाकडं करतं तसं त्यानं केलं. "म्या म्हनलो खरा. पर मला वाटलं, तुमी न्हाय म्हनाल."

छबूबाईनं लांबून हाक मारली, "मानसिंग, चल, ताट वाढलंय." या नावाला तो वळला. दोन पावलं गेला, थांबला, पण मागं न बघता पुन्हा चालू लागला. घाटावरच पंगत बसली. शकुबाई तिथंच उभी राहिली. त्यानं पहिला घास तोंडात घातलेला तिनं पाहिला, मग दुसरा. तांब्याभर पाणी तो घटाघटा प्याला. मग ती निघाली.

वडाखाली चाँदभाई तिची वाट बघत होता. ती एकटी येताना दिसली तसा तो उठला. "शकुबाई, पोरगं कुठं?"

"सकाळधरनं उपाशी हुतं," ती म्हणाली. "जेवाय बसलंय."

आणि पोरासाठी न थांबता ती इंदापूरच्या वाटेला लागली.