दोघांच्या मधला हेडफोन

मित्रांनो, खिडकीशेजारच्या खिळ्याला एक काळी कमान लटकलेली दिसते ना, जिच्या दोन टोकांना दोन वाट्या आहेत? तो मी. मी एक जुना हेडफोन आहे. माझ्या गाद्यांचे कातडे सोलवटले आहे, वायरीला ठिकठिकाणी चिकटपट्ट्या आहेत आणि कमानीवरचे नाव केव्हाच पुसले गेले आहे. हल्ली मला कोणी कानाला लावत नाही. पण याच घरात एकदा संशयाचे भूत शिरले होते, आणि ते माझ्या वायरीवरूनच चालत आले होते. तीच हकिगत तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने केसाहून बारीक तांब्याची तार माझ्या पोटात गुंडाळली, दुसरीने वाट्यांना मऊ गाद्या शिवल्या. शेवटी तपासनिसाने मला कानाला लावले, डोळे मिटले आणि मान डोलावली. आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी. माझी एक खुबीही होती. माझ्या दोन्ही वाट्या गर्रकन बाहेरच्या बाजूला वळत. त्यामुळे दोन माणसे शेजारी बसून, मला मध्ये धरून, एकेका वाटीला एकेक कान लावू शकत.

या खुबीपायी मला काटेकाकांनी विकत घेतले. काटेकाका म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारे. दुकानादुकानांतून जायचे, काट्याच्या तागडीत आपली वजने ठेवायची आणि काटा खरे बोलतो की खोटे ते पाहायचे, हा त्यांचा धंदा. मापात पाप करणारे इतके पाहिले होते की संशय त्यांच्या अंगात मुरला होता. मला घेतानासुद्धा त्यांनी दुकानदाराला अगदी भंडावून सोडले. मला सुलटे लावून पाहिले, उलटे लावून पाहिले, वर वायर ओढून पाहिली. मग म्हणाले, "ठीक वाटतोय. पण वाटण्यावर जाऊ नये."

घरी काकू होत्या. त्या बाटल्या भरण्याच्या कारखान्यात कामाला होत्या. सकाळची पाळी करून दुपारी घरी येत. दोघांना मूलबाळ नव्हते, पण एक वेड होते. त्या वेडाचे नाव 'धूमकेतूचे खलाशी'.

तुमच्यापैकी काहींना हे ठाऊक नसेल. ही अंतराळातल्या एका यानाची श्राव्यनाट्यमाला. चित्र नाही, पडदा नाही, फक्त आवाज. आधी कॅसेटवर आली, मग डिस्कवर, आणि वर्षानुवर्षे येतच राहिली. नवा भाग बुधवारी टपालाने घरी यायचा, पण तो ऐकायचा शनिवारी संध्याकाळी, दोघांनी मिळून, असा घरचा नियम होता. बाकावर काकू डावीकडे, काटेकाका उजवीकडे आणि मी मध्ये. काकूंचा उजवा कान माझ्या एका वाटीला, काकांचा डावा कान दुसऱ्या वाटीला. मित्रांनो, दोन माणसांच्या मध्ये असूनही अडचण न होणे, हे भाग्य किती जणांना लाभते?

काटेकाकांची मते ठाम होती. "पहिले चाळीस भाग सोनं. पुढचे पितळ. आणि आता नुसता पत्रा," असे ते म्हणत. संगीत उगाच ढणढणते, यानाच्या दाराचा आवाज पूर्वी जड वाटे आणि आता डब्याच्या झाकणासारखा वाटतो, यावर ते तासभर बोलत. कप्तान मेला की काकूंचे डोळे भरून येत. काका मात्र ढिम्म. "रडू नकोस. हा माणूस आजवर तीनदा मेलाय आणि तिन्ही वेळा चहा मागत परत आलाय." यानावर फितूर कोण, हे ओळखण्याची त्यांची एक युक्ती होती. "जो सगळ्यात गोड बोलतो, तोच. काट्यात खोट असलेला दुकानदार गिऱ्हाइकाला नेहमी 'या, बसा' म्हणतो." त्यांचा अंदाज दहांतून सहा वेळा बरोबर येई. उरलेल्या चार वेळा लेखक मूर्ख ठरे.

या मालिकेच्या चाहत्यांचे एक मंडळ होते. महिन्यातून एकदा शाळेच्या मागच्या खोलीत ते जमत. काका मला पिशवीत घालून तिथे नेत आणि एखादा आवाज दुसऱ्याला ऐकवायचा असला की बाहेर काढत. "हेडफोन असावा तर असा," असे लोक म्हणत, तेव्हा मी मनातल्या मनात फुगून जाई. मंडळात काकांचे एकाशीच पटत नसे. ते होते चष्म्यांचे दुकान चालवणारे चष्मेवाले. त्यांचे मत नेमके उलटे. जुने भाग रडके, नवे भाग भारी. दोघांची प्रत्येक बैठकीत जुंपायची, आणि काका दरवेळी शेवटी म्हणायचे, "नीट ऐकणारी माणसं या गावात दोनच. एक मी आणि दुसरी आमची ही."

अशी वर्षे गेली. मग घरात काहीतरी बिनसले.

आधी काकू म्हणाल्या, "अहो, आजपासून मी उजवीकडे बसते."

"का?"

"खिडकीतून वारा येतो या बाजूला."

खिडकी बंद होती. काकांनी खिडकीकडे पाहिले, काकूंकडे पाहिले, आणि सरकून बसले.

मग काकू तक्रार करू लागल्या, की नवे नट शब्द गिळतात. काकांना ते एकदम पटले. त्यांनी मंडळाच्या पत्रिकेत तसा खरमरीत लेखच लिहिला. पण पुढे भलतेच घडू लागले. काकूंचे अंदाज बरोबर येऊ लागले. फितूर कोण, स्फोट कुठे होणार, कप्तान कोणत्या दारातून परत येणार, सगळे. एकदा नाही, दोनदा नाही, दर शनिवारी. विनोद पुरा होण्याआधीच काकूंच्या ओठांवर हसू येई.

"तुला कसं कळलं?" काकांनी विचारले.

"सुचलं आपलं," काकू म्हणाल्या.

वजनाशिवाय काटा हलला की कोणीतरी खाली बोट लावलेले असते, हे काकांना पक्के ठाऊक होते. कोणाचे बोट, एवढेच शोधायचे होते.

मित्रांनो, खरे सांगायचे तर मलाही काकूंचा संशय येत होता. कारण काकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट मला ठाऊक होती. गुरुवारी दुपारी, काका कामावर असताना, काकू मला एकट्याच डोक्यावर चढवत. डिस्क लावत. आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवत. माझ्या पोटातली तार थरथरत असे. एकच प्रसंग त्या पुन्हा पुन्हा ऐकत आणि ओठांनी पुटपुटत. शनिवारचा भाग गुरुवारीच! ज्या बाकावर दोघे बसायचे, त्याच बाकावर ही चोरी! मला वाईट वाटे. मी बोलू शकलो असतो तर काकांना सांगून टाकले असते, आणि केवढी चूक केली असती!

एके दिवशी काका मला पिशवीत घालून मंडळाच्या बैठकीला निघाले होते. वाटेत ते एकदम थांबले. पिशवीतून मला त्यांचा श्वास ऐकू आला. पिशवीच्या तोंडातून मी डोकावलो. समोर चष्मेवाल्यांचे दुकान होते आणि त्यातून काकू बाहेर पडत होत्या. काकूंना चष्मा नव्हता. त्या समोरच्या गल्लीत दिसेनाशा होईपर्यंत काका हलले नाहीत. मग पुटपुटले, "असं आहे तर."

त्या दिवशी बैठकीत काका उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आपल्यातला एक जण बुधवारीच भाग ऐकतो आणि दुसऱ्याच्या घरच्या माणसापाशी फोडतो. लोकांच्या शनिवारची माती करतो. नाव घेत नाही. पण त्याच्या दुकानात काचा पुष्कळ आहेत."

खोलीत हशा झाला. चष्मेवाले हसले नाहीत. ते हळूच एवढेच म्हणाले, "काटेवाले, घरी जाऊन विचारा."

"काय विचारू?"

"ते घरी गेल्यावर कळेल. विचारा मात्र समोर बसून."

काका घरी गेले, पण विचारले नाही. विचारणे त्यांच्या स्वभावात नव्हते. तपासणे होते. पुढच्या बुधवारी नवी डिस्क आली, तेव्हा त्यांनी ती खणात पालथी ठेवली. गुरुवारी रात्री जेवण झाल्यावर खण उघडला, तर डिस्क उताणी. काकांचा चेहरा असा झाला की जणू भर बाजारात त्यांच्याच वजनात खोट निघाली. शनिवारी ते बाकावर बसले. काकू ठरल्या ठिकाणी हसल्या. काका हसले नाहीत. भाग संपल्यावर काकूंनी विचारले, "आवडला नाही का?" काका म्हणाले, "तुला आवडला ना? झालं तर." त्या आठवड्यात घरात भांड्यांचाच आवाज जास्त होता.

त्यानंतरच्या गुरुवारी काका दुपारीच घरी आले. दार लोटलेले होते. काकू दाराकडे पाठ करून बाकावर बसल्या होत्या आणि मी त्यांच्या डोक्यावर होतो. काका दारात उभे राहिले. माझ्यातून कप्तानाचे ओरडणे त्यांना तिथपर्यंत ऐकू येत होते. काकू त्याच्यासोबत ओठ हलवत होत्या. एकाएकी त्या हसल्या, मग थांबल्या, भाग मागे नेला आणि तोच विनोद पुन्हा लावला. पुन्हा तिथेच हसून पाहिले. जशी मुले परीक्षेच्या आधी कविता घोकतात, तसे.

"चोर!" काका म्हणाले.

काकूंनी वळून पाहिले नाही. भाग संपला. त्यांनी मला डोक्यावरून काढले, मांडीवर ठेवले आणि वायर गुंडाळू लागल्या. आता घरात चिडीचूप होते. काका त्यांच्या उजव्या खांद्यामागे येऊन उभे राहिले.

"किती दिवस चाललंय हे?"

काकू वायर गुंडाळत होत्या.

"मी तुझ्याशी बोलतोय."

काकूंनी वायरीचा एक पीळ सोडवला, फुंकर मारून माझ्या गादीवरची धूळ उडवली आणि स्वतःशीच एक गाणे गुणगुणू लागल्या.

मित्रांनो, त्या क्षणी काकांच्या मनातला काटा कसा गर्रकन फिरला असेल, याची कल्पना करा. मग ते बाकाला वळसा घालून समोर आले आणि काकूंच्या पुढ्यात जमिनीवर बसले.

काकू दचकल्या. "अगंबाई! तुम्ही कधी आलात?"

"किती दिवस झाले?" काकांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारले.

"कशाला?"

"ऐकू येत नाही त्याला."

काकूंनी मला बाकावर ठेवले. मग म्हणाल्या, "उजव्या कानाला नीटसं नाहीच. बाटल्यांची रांग त्याच बाजूनं जाते ना, दिवसभर खणखण. डाव्याला येतं, पण बोलणं पुसट येतं. तुम्ही हसायचात म्हणून मी हसायचे. कशाला हसले ते कळायचं नाही. मग वाटलं, आधी ऐकून ठेवावं. पाठ करून ठेवावं. म्हणजे शनिवारी अडायला नको."

"आणि चष्मेवाले?"

"ते कानाची यंत्रंही विकतात. त्यांनी तपासून दिलं. मीच त्यांना शपथ घातली, यांना सांगू नका म्हणून."

"का पण? मला का नाही सांगायचं?"

"काय सांगू? तुम्ही चारचौघांत म्हणता, नीट ऐकणारी माणसं दोनच. त्यातली एक बहिरी झाली म्हणून सांगू? मग तुम्ही शनिवारी कोणाबरोबर बसला असता?"

काकांनी मला उचलले. काकूंनी सुबक गुंडाळलेली वायर त्यांनी उगाच उलगडली आणि पुन्हा वेडीवाकडी गुंडाळत बसले. मग ते म्हणाले, "आणि मी लिहून मोकळा झालो, नट शब्द गिळतात म्हणून."

"गिळत नव्हते हो बिचारे," काकू म्हणाल्या, आणि दोघांनाही हसू फुटले. या वेळी कोणी आधी हसायचे ते ठरलेले नव्हते.

पुढच्या बैठकीत काका उभे राहिले. नट शब्द गिळत नाहीत, आपले मत चुकीचे होते, असे त्यांनी सांगितले. मग चष्मेवाल्यांकडे वळून सर्वांसमोर त्यांची माफी मागितली. चष्मेवाले म्हणाले, "ते राहू द्या. नवे भाग भारी आहेत, एवढं कबूल करा." काका म्हणाले, "ते या जन्मी नाही." एवढ्यावर दोघांचे जमून गेले.

काकूंच्या कानात यंत्र बसले आणि माझे दिवस भरले. यंत्रावर माझी वाटी टेकली की ते कुईं करून शिट्टी मारी. दोनचार शनिवार दोघांनी प्रयत्न करून पाहिला. मग घरात एक लहानसा ध्वनिक्षेपक आला आणि मी खिळ्यावर गेलो. सुरुवातीला वाईट वाटले. आता माझ्यावर धूळ बसते, वायर कडक झाली आहे, एका गादीतला स्पंज चुरा होऊन गळतो.

पण ऐकू मला अजून येते. काकूंनी जुने सगळे भाग नव्या कानाने पुन्हा ऐकायला घेतले आहेत. परवा त्या म्हणाल्या, "अहो, हे सोनं? हा कप्तान तर भलताच रडका आहे. चष्मेवाले म्हणतात ते खरंच!" काका दोन दिवस फुगून बसले होते. तिसऱ्या दिवशी भांडायला लागले, आणि ते भांडण अजून संपलेले नाही. इतकी वर्षे या बाकावर एकाचीच मते होती, आता दोघांची आहेत.

मित्रांनो, माझी गादी फाटली तर दुसरी मिळते. कानाच्या आतले एकदा गेले की परत येत नाही. म्हणून आम्हा हेडफोनांचा आवाज बेताचा ठेवा आणि जिथे यंत्रे खणखणतात तिथे कान झाकून घ्या. आणि आपल्या माणसाचा कधी संशय आला, तर त्याच्या पाठीमागे उभे राहू नका, खणात पालथ्या वस्तू ठेवू नका. त्याच्या समोर जाऊन बसा, त्याला तुमचे तोंड दिसेल असे बसा, आणि विचारा.