न वाचलेला शब्द

“तेवढा हा एक शब्द काढा हो,” इस्त्रीमामांनी आपल्या निवृत्तीच्या निरोप समारंभात वाचायचा कागद कारकुनापुढे सरकवला.

“कुठला? देदीप्यमान?” कारकून हसला. “अहो मामा, देदीप्यमान म्हणजे झगझगीत, डोळे दिपवणारं! ‘आपली देदीप्यमान सेवा.’ माणसं असा शब्द मिळावा म्हणून जन्म घालवतात, आणि तुम्ही काढायला निघालात!”

मामांच्या डोक्यात काही प्रकाश पडेना. एकतीस वर्षं त्यांनी रुग्णालयाच्या तळघरात चादरींना आणि डॉक्टरांच्या कोटांना इस्त्री केली. तिथे चमक म्हणजे चूक. इस्त्री जास्त तापली की कापडावर चकाकी येते, ती मग काही केल्या जात नाही. तेव्हा हे कौतुक समजायचं की टोमणा?

“संध्याकाळी आमची ही येणार आहे ऐकायला,” ते म्हणाले. “सगळ्यांदेखत हसं व्हायचं. तळघरातल्या माणसाला बघितलंय कुणी, डोळे दिपायला?”

“मोठ्या सर्जनसाहेबांनाही हाच शब्द होता.”

“त्यांना शोभतो. मला आपलं ‘वेळेवर’ लिहा.”

“सही झालीय मामा. आता ब्रह्मदेव आला तरी बदलायचं नाही.”

दुपारभर मामा इस्त्री फिरवता फिरवता तो शब्द पुटपुटत राहिले. आधी जीभ अडखळली, मग सरावली. एका कोटाची कॉलर दाबताना त्यांना वाटलं, असेलही बाबा. इस्त्री नीट नाही म्हणून एकही चादर वॉर्डातून परत आल्याचं त्यांना आठवेना. शब्द आवडायला लागला होता आणि त्याचीच त्यांना लाज वाटत होती.

पाच वाजता अधीक्षकांनी चष्मा चढवून कागद वाचायला घेतला.

“आपल्या दे... देदी...” ते अडखळले, खाकरले. “आपल्या सेवेबद्दल आम्ही ऋणी आहोत.”

टाळ्या पडल्या, कागद घडी होऊन मामांच्या हाती आला. कुणी हसलं नाही. मामांना खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. का, ते काही केल्या उमगेना.

खुर्च्या आवरायला सुरुवात झाली तशी बायको जवळ आली.

“छान झालं हो. पण साहेब मधेच का थांबले?”

मामांनी कागदाची घडी उलगडली, मांडीवर ठेवून तळव्याने दोनदा सपाट केली आणि एका जागी बोट ठेवलं.

“हा राहिला वाचायचा,” ते म्हणाले. “तू वाच. मोठ्यानं.”