पावनिधीत न बसणारा आजार

सकाळ झाली की बालविभागातली परिचारिका पडदा सारायची, मीकेच्या पायाच्या अंगठ्याला लावलेली, रक्तातला प्राणवायू मोजणारी चिमटी तपासायची आणि नाकातला कफ ओढून घेण्यासाठी यंत्र सुरू करायची. आठ महिन्यांची मीके त्या आवाजानेच रडू लागे. तिचा बाप त्येर्द तिचे दोन्ही हात धरून ठेवी. रात्रभर उशाशी बसलेली तिची आई फेन्ना तोंडावर पाणी मारून चीज घातलेला पाव उभ्याउभ्याच खाई आणि सायकल काढून बेकरीत कामाला जाई. तिथे बोलावणे आले तरच काम मिळे, आणि डिसेंबरातल्या संत निकोलासच्या सणाच्या गर्दीत ‘नाही’ म्हणणाऱ्या बाईला पुन्हा बोलावणे येत नसे.

त्येर्द फरशा बसवायचा. धंदा स्वतःचा, म्हणून रजाही स्वतःच्याच खर्चाने. फार दिवसांच्या खटपटीनंतर त्याला एका शाळेच्या स्वच्छतागृहांचे काम मिळाले होते. ते वेळेत झाले तर आणखी शाळा देण्याचा शब्द ठेकेदारीणबाईंनी दिला होता. काम निम्म्यावर आले आणि हिवाळ्यातल्या त्या विषाणूने, आरएसव्हीने, मीकेचा श्वास धरला.

दुपारी त्याचा सुतार मित्र गोसे वाटाण्याचे सूप घेऊन आला. दोघे बाहेर कॉफीच्या यंत्राजवळ उभे राहिले. यंत्राने नाणे घेतले आणि पेल्यात नुसते गरम पाणी सोडले.

“उपचार तरी फुकट आहेत ना, गड्या?”

“फुकटच! पण पाळणाघर रिकाम्या पाळण्याचे पैसे घेतं, खाली गाडी उभी केली त्याचे वेगळे, आणि हे यंत्र पाण्याचे घेतं. डॉक्टर सोडून सगळ्यांचा हात पुढे आहे बघ.”

“मग पाठ धरून बस.”

“कशाला?”

“पाठ गेली म्हणून पावनिधीत कळव. फरशीवाल्याची पाठ! कोण शंका घेणार?”

पावनिधी म्हणजे, आजारपणातही घरात पाव यावा म्हणून, त्यांच्यासारख्या एकट्याने धंदा करणाऱ्यांनी केलेला गट. प्रत्येकजण दरमहा थोडे पैसे बाजूला ठेवी. सभासद आजारी पडला की बाकीचे त्याला त्यातून पैशांची भेट पाठवत. डॉक्टरचा कागद कुणी मागत नसे. मात्र आजारी सभासदच असायला हवा. मुलाच्या आजाराला तिथे जागा नव्हती.

“तुझं मनगट मोडलं तेव्हा कुणी पैसे पाठवले, आठवतं?” त्येर्दने विचारले.

“सगळ्यांनी.”

“एकेकाने, आपापल्या नावाने. पियानो जुळवणारी लीस्बेथ, बटाटेवाला हार्म. त्या प्रत्येकाशी मी खोटं बोलू?”

“मोठा साधू लागून गेलास! पोरगी आजारी आहे हे तरी खरं ना?”

“खरं आहे, म्हणूनच तर डोकं फिरतं! खरं सांगितलं तर काही मिळत नाही आणि खोट्याला सगळे पावतात.”

तेवढ्यात ठेकेदारीणबाईंचा फोन आला. “त्येर्द, सोमवारी येतोस ना? नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. वाईट वाटतंय रे, खरंच. पण शाळा थांबत नाही.”

तो उत्तर देणार इतक्यात मीकेच्या खोलीतून प्राणवायू मोजणाऱ्या यंत्राची धोक्याची शिटी ऐकू आली. तो धावला. मीकेने प्राणवायूची नळी नाकातून ओढून काढली होती. ओठ निळसर पडले होते. परिचारिकेने नळी पुन्हा बसवली, पट्टी चिकटवली आणि म्हणाली, “बाबा, हिच्याजवळ कुणीतरी सतत हवं हो. आमच्याकडे माणसं कमी आहेत.” बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता. त्येर्दने खुर्ची ओढून पाळण्याला भिडवली.

गोसे गेल्यावर त्याने फोनवर निधीचे पान उघडले. आपल्या नावापुढच्या ‘आजारी’ या शब्दावर अंगठा धरून तो श्वासागणिक आत ओढल्या जाणाऱ्या मीकेच्या बरगड्या पाहत राहिला. मग त्याने पान मिटले आणि बाईंना कळवले: दुसरा माणूस बघा.

संध्याकाळी फेन्ना आली. तो म्हणाला, “तासाभरात येतो.” तिने कोट काढला आणि त्याच्या खुर्चीत बसली.

शाळेत त्याने फरशी कापायचे यंत्र पुसून गाडीत ठेवले. अर्ध्या भिंतीवर, पुढच्या कारागिराचा गोंधळ होऊ नये म्हणून, मधली रेघ पेन्सिलीने स्पष्ट ओढली आणि कुठून सुरुवात करायची तिथे बाण काढला. दिवा मालवला. ठेकेदारीणबाईंच्या दारातल्या टपालाच्या फटीतून शाळेची किल्ली आत सोडली आणि तो रुग्णालयाकडे परत निघाला.